माग किती आहेत, हे कोण विचारतंय?

इचलकरंजीत एकूण यंत्रमाग किती? गावात कुणालाही विचारा, उत्तर लगेच मिळेल. फक्त प्रत्येकाचं वेगळं. कुणी लाख म्हणेल, कुणी सव्वा लाख, चहाच्या गाड्यावर बसलेला एखादा दीड लाखावर जाईल. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग आणला, हे आमच्याकडं शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पहिला कधी आला ते पाठ आहे, आज किती उरलेत ते कुणालाच नक्की ठाऊक नाही.

देशाचा आकडा मात्र ठरलेला आहे: 24 लाख 86 हजार. त्यातले साधारण निम्मे महाराष्ट्रात. सरकारी उत्तरांत, धोरणांच्या मसुद्यांत, बातम्यांत हाच आकडा फिरत असतो. तो आला 2013 च्या एका बेसलाइन सर्व्हेतून. केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाला आकडे हवे होते आणि नील्सन या खासगी कंपनीनं ते काम केलं. तेव्हा मी दहावीत होतो. आता इंजिनिअरिंग होऊन नोकरीलाही काही वर्षं झाली. दरम्यान आमच्या भागातले कितीतरी साधे माग भंगारवाल्याच्या काट्यावर किलोनं गेले, काही शेडमध्ये रेपियर आणि एअरजेट आले, काही शेडमध्ये नुसतीच गोदामं झाली. कागदावर 24 लाख 86 हजार तसेच उभे आहेत.

असं का होतं, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडलाय. मी हिंजवडीत सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळं आधी वाटायचं की हा तंत्रज्ञानाचा प्रश्न असेल. एक चांगलं ॲप, प्रत्येक मागाला एक क्यूआर कोड, झालं काम. आता तसं वाटत नाही. एखाद्या सरकारी खात्याला आकडे हवे असतील तर ते कुणाला सांगून काढायचे, कुठल्या अटींवर काढायचे आणि आलेला आकडा कुणाच्या मालकीचा, यातच सगळं अडलेलं आहे. ऐकायला हा विषय सरकारी परिपत्रकासारखा कोरडा आहे, हे मान्य. पण त्याची एक बाजू थेट आमच्या कारखान्यात येते.

एकच कारखाना, तीन उत्तरं

इचलकरंजीत कारखाना म्हटलं की धुराडं वगैरे डोळ्यांसमोर आणू नका. घराच्या मागं पत्र्याची शेड, त्यात चार, आठ, बारा माग, की झाला कारखाना. आमचे आठ होते. आण्णा, म्हणजे माझे वडील, खर्चीवाले. व्यापारी बीम आणि बाण्याचं सूत देणार, आम्ही कापड विणून देणार, आणि मजुरी मीटरमागं, पिकाच्या हिशोबानं मिळणार. सूत आपलं नाही, कापड आपलं नाही, आपली फक्त शेड, माग, लाइट बिल आणि झोपमोड.

"माग किती?" या प्रश्नाला आण्णांची ठरलेली उत्तरं होती. बँकेचा माणूस कर्जाच्या फाइलसाठी आला की सगळे आठ, शिवाय "अजून चार घ्यायचा विचार हाय." कामगारांचा किंवा कराचा विषय निघतोय असा वास आला की "चालू असलेले पाच." आणि विजेच्या सवलतीचा विषय असला की मागांचा आकडा बाजूला राहायचा आणि अश्वशक्तीचा हिशोब सुरू व्हायचा. कारण वीज सवलतीत 27 अश्वशक्तीच्या खालचा आणि वरचा असे दोन गट आहेत. एका साध्या मागाला साधारण एक अश्वशक्तीची मोटर धरली, तर ही रेघ दोन डझनांच्या थोडी पुढं पडते. त्या रेघेच्या वर असलेल्यांवर काही वर्षांपूर्वी ऑनलाइन नोंदणीची अट आली, तेव्हा गावात किती धावपळ झाली ते इथल्या लोकांना आठवत असेल. आमचे आठच असल्यानं आम्ही त्यातून सुटलो. पण त्या दिवसांत आण्णांनी एक गोष्ट मनात पक्की केली: सरकार मोजायला आलं की मागून काहीतरी येतं. कधी सवलत, कधी नोटीस.

याला कुणी खोटेपणा म्हणेल. मी म्हणणार नाही. विचारणाऱ्याच्या हातात काय आहे ते बघून उत्तर द्यायचं, हे लहान धंदेवाल्याचं शहाणपण आहे. नोंदणीच्या पोर्टलवर जमलेला आकडा म्हणूनच मला मोजणीचा आकडा वाटत नाही. किती जणांना ती सवलत हवी होती आणि किती जणांना भीती वाटली, एवढंच त्यातून कळतं.

आईचं काम

2015-16 मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीची 73 वी फेरी चालू होती. विषय होता असंघटित बिगरशेती उद्योग. म्हणजे कंपनी म्हणून नोंद नसलेली दुकानं, गिरण्या, शिवणकाम, आणि आमच्यासारखे कारखाने. मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. एका दुपारी खांद्याला कापडी पिशवी लावलेला एक माणूस दारात आला. आमचा कारखाना त्याच्या यादीत निघाला होता.

"काका, माग किती आहेत?"

"कशाला पायजे तुम्हाला?"

त्यानं ओळखपत्र दाखवलं. हे कर खात्याला जात नाही, नाव कुठं छापत नाहीत, असं समजावून सांगितलं. "असं सगळेच म्हणत्यात," आण्णा म्हणाले. तरी त्याला बसायला खुर्ची दिली आणि मला वही आणायला पिटाळलं.

तो जवळपास दोन तास बसला. लाइट बिल, शेडचं भाडं, दुरुस्ती, मजुरी, महिन्याला किती मीटर, असं सगळं त्यानं विचारलं. मग कामगारांचा रकाना आला. आण्णा म्हणाले, दोन. एक दिवसपाळीला, एक रातपाळीला. त्यानं विचारलं, "घरचं कोण काम करतं का? पगार न घेता?" आण्णा म्हणाले, "मी की. अजून कोण?" तेवढ्यात आतून कांड्या भरायच्या यंत्राचा आवाज येत होता. त्यानं तिकडं बघितलं. "आणि त्या?"

आई रोज पाच-सहा तास कांड्या भरायची. वर कापडाची घडी घालायची, कामगार आला नाही की स्वतः माग बघायची. तिनं आयुष्यभर कुठल्याही फॉर्मवर "गृहिणी" हाच शब्द लिहिलेला. त्या माणसानं तिला बाहेर बोलावलं, किती वेळ काम करता ते विचारलं आणि बिनपगारी घरच्या कामगारांच्या रकान्यात एक आकडा लिहिला. आई पदराला हात पुसत म्हणाली, "ह्ये बी लिवत्यात व्हय?"

मला हे आजही महत्त्वाचं वाटतं, कारण त्याआधी किंवा त्यानंतर आमच्याकडं जो जो फॉर्म आला त्यात तो रकानाच नव्हता. वीज सवलत द्यायची तर अश्वशक्ती लागते, आई लागत नाही. कर्ज द्यायचं तर तारण लागतं, आई लागत नाही. प्रत्येक खातं आपल्या योजनेपुरतं विचारतं. ज्याच्यावर पैसा खर्च करायचा नाही तो माणूस त्याच्या फॉर्ममध्ये जन्मालाच येत नाही. सांख्यिकी कार्यालयाचा माणूस मात्र "कामगार कोण" याची एक व्याख्या घेऊन आला होता. तीच व्याख्या भिवंडीत, सुरतेत आणि तमिळनाडूतल्या एखाद्या गावात वापरली जात होती. म्हणून आई मोजली गेली.

त्या फेरीत देशभरात सुमारे 2 लाख 90 हजार उद्योगांना भेटी दिल्या गेल्या आणि त्यावरून अंदाज निघाला: असे 6 कोटी 34 लाख उद्योग आणि त्यांत सुमारे 11 कोटी लोक. सरळ भागाकार केला तर यादीत निघालेला एक कारखाना सरासरी दोनशेहून जास्त उद्योगांच्या वतीनं बोलत होता. आण्णांनी आठाचे पाच सांगितले असते तर ती तूट तेवढ्याच पटीनं पुढं गेली असती. त्यांनी आठ सांगितले. नंतर मी कारण विचारलं, तर म्हणाले, "त्याच्याकडं द्यायला बी काय नव्हतं आणि घ्यायला बी काय नव्हतं."

मंत्रालय जेव्हा सांख्यिकी कार्यालयाकडं जातं

राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली 1950 मध्ये. त्याआधी 1949 साली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली होती. प्रशांतचंद्र महालनोबिस अध्यक्ष, सदस्य पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव. देशाचं उत्पन्न काढायला बसल्यावर मोठी भगदाडं दिसली: लोक काय खातात, किती कमावतात, छोटे धंदे किती, कशाचीच धड माहिती नाही. मग ऑक्टोबर 1950 ते मार्च 1951 अशी पहिली फेरी झाली. 2019 मध्ये नमुना पाहणी कार्यालय आणि केंद्रीय सांख्यिकी कार्यालय एकत्र करून आजचं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय झालं.

इतर खाती या यंत्रणेकडं काम घेऊन येतात, ही पद्धत जुनी आहे. रिझर्व्ह बँकेनं 1951-52 मध्ये ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी केली होती. पुढं कर्ज आणि मालमत्तेची ही पाहणी 1971-72 पासून नमुना पाहणीकडं आली. पर्यटन मंत्रालयाला देशांतर्गत प्रवासाचे आकडे हवे होते, त्यासाठी फेऱ्या झाल्या. आणि सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे 2003 ची 59 वी फेरी. कृषी मंत्रालयाच्या सांगण्यावरून शेतकऱ्यांच्या परिस्थितीची पाहणी झाली आणि देशातली 48.6 टक्के शेतकरी कुटुंबं कर्जात आहेत हा आकडा आला. तो ते काम सांगणाऱ्या मंत्रालयाला सुखावणारा नव्हता, तरी छापला गेला. 2013 मध्ये हीच पाहणी परत झाली, तेव्हा 51.9 टक्के. 2019 मध्ये 50.2 टक्के. मधल्या काळात शेतकरी कुटुंबाची व्याख्या बदलली, पण ती बदलल्याचं अहवालातच लिहिलं आहे. त्यामुळं तुलना कुठं करायची आणि कुठं नाही, हे वाचणाऱ्याला कळतं.

आता हे यंत्रमागाशी लावून बघा. एकाच पद्धतीनं तीनदा मोजलेले आकडे असते तर इचलकरंजीतली घसरण किती, नव्या मागांनी जुन्यांची जागा किती घेतली, घरच्या बायका किती, यावर नीट भांडता तरी आलं असतं. आता आपण भांडतो ते 2013 च्या एका आकड्यावर.

मंत्रालयं सांख्यिकी कार्यालयाकडं का जात नाहीत, यालाही कारणं आहेत. तिथं वेळ लागतो. आधी तज्ज्ञांचा गट बसतो, प्रश्नावली ठरते, ती आधी थोड्या ठिकाणी चालवून बघतात, मग प्रशिक्षण, मग सहसा वर्षभर गावोगाव भेटी, मग तपासणी. 2003 च्या पाहणीचे अहवाल 2005 मध्ये आले. एवढ्यात मंत्री बदलतो. टेंडर काढलं की सहा महिन्यांत बाइंडिंग केलेला अहवाल टेबलावर येतो.

दुसरी अडचण नमुन्याची. राष्ट्रीय पाहणी देशाचं आणि राज्याचं चित्र सांगण्यासाठी आखलेली असते. त्याखाली "विभाग" असतात. नमुना पाहणीच्या नकाशात कोल्हापूर येतं पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि अहिल्यानगर यांच्यासोबत एकाच विभागात. म्हणजे मी रोज ज्या काचेच्या इमारतीत जातो ती आणि आमची पत्र्याची शेड, सांख्यिकीच्या दृष्टीनं एकाच डब्यात. इचलकरंजीचा वेगळा आकडा त्यातून निघणं शक्यच नव्हतं. जानेवारी 2025 पासून श्रमशक्ती पाहणी आणि असंघटित उद्योगांच्या पाहणीत जिल्हा हा मूळ घटक धरायला सुरुवात झाली आहे. ही मोठी सुधारणा आहे. पण मोठा नमुना म्हणजे जास्त माणसं, जास्त पैसे. ज्या खात्याला जिल्ह्याचा किंवा शहराचा आकडा हवा त्यानं जादा नमुन्याचा खर्च द्यावा, यात गैर काही नाही. प्रश्न पुढं येतो: पैसे दिले म्हणजे आकडा त्याचा झाला का?

"ते स्टँडर्ड टेक्स्ट आहे"

या प्रश्नाची दुसरी बाजू मला ऑफिसात दिसली. आमच्या कंपनीकडं एका राज्यातल्या एका खात्याचं काम उपकंत्राटानं आलं होतं. छोट्या व्यावसायिकांची पाहणी. नेमलेली मुलं टॅबलेट घेऊन दुकानोदुकानी जाणार, आम्ही ॲप आणि डॅशबोर्ड करणार. फॉर्मच्या पहिल्याच स्क्रीनवर मोठ्या अक्षरात ओळ होती: आपली माहिती गोपनीय राहील.

तिसऱ्या की चौथ्या मीटिंगमध्ये खात्याकडून नवी मागणी आली. डॅशबोर्डवर नाव, मोबाइल नंबर आणि दुकानाचं लोकेशन दिसलं पाहिजे. ज्यांनी नोंदणी केलेली नाही त्यांची वेगळी यादी निघाली पाहिजे, म्हणजे पुढची कारवाई सोपी. मी विचारलं, "मग पहिल्या स्क्रीनवरची ओळ?" थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग उत्तर आलं, "ते स्टँडर्ड टेक्स्ट आहे."

मी मेल लिहून तोच प्रश्न परत विचारला. उत्तर आलं की कंत्राटात तसं काही नाही. मी कंत्राट उघडून बघितलं. सर्व्हर किती वेळ बंद राहिला तर किती दंड, बटणाचा रंग कोणता, रोज किती फॉर्म भरले पाहिजेत, हे सगळं होतं. माणसानं दिलेलं उत्तर कोण बघू शकेल आणि कोण नाही, यावर एक वाक्य नव्हतं. त्यामुळं त्यांचं उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं. याद्या निघाल्या.

त्या रात्री मला आण्णांचं "असं सगळेच म्हणत्यात" आठवत राहिलं. टॅबलेट घेऊन फिरणारी मुलं वीस-बावीस वर्षांची होती, ठेक्यावर, फॉर्ममागं पैसे. ती दारोदार जाऊन मनापासून सांगत होती की काळजी करू नका, नाव कुठं जाणार नाही.

खरं तर आपल्याकडं यासाठी कायदा आहे. सांख्यिकी संकलन कायदा, 2008, आणि त्याखालचे 2011 चे नियम. त्यानुसार सरकारनं अधिसूचना काढून पाहणी जाहीर करायची. मिळालेली माहिती फक्त सांख्यिकीसाठी वापरायची. कुणा एकाचं उत्तर ओळखू येईल असं छापायचं नाही आणि त्या कामात नसलेल्याला दाखवायचं नाही. बाहेरची एजन्सी नेमता येते, पण बंधन तिलाही. एकाच विषयावर केंद्र आणि राज्यानं एकाच वेळी लोकांच्या दारात जाऊ नये, याचीही तरतूद आहे. तीच ती माहिती पुन्हा पुन्हा गोळा होऊ नये म्हणून सल्ला द्यायला नोडल अधिकारी नेमायचे, असं नियम सांगतात. वाचताना मला वाटलं, हे कुणीतरी दारात उभं राहिलेल्या माणसाचा विचार करून लिहिलंय.

मेख अशी की हे संरक्षण मिळतं ते त्या कायद्याखाली होणाऱ्या पाहणीला. एखाद्या खात्यानं नुसतं टेंडर काढलं, पोर्टल उघडलं, ॲप बनवून घेतलं, तर दारातल्या माणसाला या दोन्हींतला फरक दिसत नाही. दोन्हीकडं ओळखपत्र, दोन्हीकडं टॅबलेट, दोन्हीकडं तीच ओळ.

आकडा तयार आहे, पण

सांख्यिकी कार्यालयाकडं गेलं की सगळं सुटतं असंही नाही. 1970 पासून नमुना पाहणीवर एक नियामक परिषद असायची. काय मोजायचं, कसं मोजायचं यात सरकारबाहेरच्या अभ्यासकांचा शब्द चालायचा. सी. रंगराजन यांच्या आयोगानं 2001 मध्ये सुचवलं की कायद्याचं बळ असलेला राष्ट्रीय सांख्यिकी आयोग करा. आयोग 2006 मध्ये कामाला लागला, पहिले अध्यक्ष सुरेश तेंडुलकर. गरिबीच्या रेषेमुळं ज्यांचं नाव आपण ऐकलेलं असतं तेच. पण आयोग उभा राहिला सरकारी ठरावावर. कायदा झाला नाही. 2019 च्या शेवटी एक मसुदा लोकांसमोर आला, तोही मसुदाच राहिला.

कायदा नसण्याची किंमत त्याच वर्षी दिसली होती. 2017-18 च्या श्रमशक्ती पाहणीचा अहवाल आयोगानं डिसेंबर 2018 मध्ये मंजूर केला. तो बाहेर आला नाही. जानेवारी 2019 मध्ये आयोगाचे कार्यकारी अध्यक्ष पी. सी. मोहनन आणि सदस्य जे. व्ही. मीनाक्षी यांनी राजीनामे दिले. निवडणूक झाली आणि 31 मे 2019 ला अहवाल आला: बेरोजगारी 6.1 टक्के. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरकारनं सांगितलं की 2017-18 च्या उपभोग खर्च पाहणीचे निष्कर्ष माहितीच्या दर्जाच्या कारणानं प्रसिद्ध होणार नाहीत. दर्जाबद्दलची शंका खरी असेलही. तरी ती तपासायची कुणी आणि किती दिवसांत, हे आधी लिहून ठेवलेलं नसलं की शेवटचा शब्द त्याचाच राहतो ज्याला तो आकडा झोंबतो.

बाहेर यावर काय केलंय तेही बघण्यासारखं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगानं 1994 मध्ये सरकारी आकडेवारीची मूलभूत तत्त्वं ठरवली. भारताच्या मंत्रिमंडळानं 2016 मध्ये ती स्वीकारली. अमेरिकेत कुठल्याही केंद्रीय खात्याला दहा किंवा अधिक लोकांना तेच प्रश्न विचारायचे असतील तर आधी मंजुरी घ्यावी लागते. मंजुरीचा क्रमांक आणि फॉर्म भरायला किती मिनिटं लागतील याचा अंदाज फॉर्मवर छापावा लागतो. ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयानं 1 जुलै 2017 पासून मंत्र्यांना आपले आकडे आधी दाखवणं बंद केलं. आता मंत्री आणि पत्रकार, दोघांनाही ते एकाच वेळी मिळतात.

यात रॉकेट सायन्स काही नाही. आमच्या धंद्यात दोन सिस्टिम जोडताना कोण काय मागू शकतो, काय मिळेल, काय मिळणार नाही, हे आधी लिहून घेतात. लिहिलं नसेल तर जोडणीच होत नाही. खातं आणि सांख्यिकी कार्यालय यांच्यातही तेवढंच हवंय. खात्यानं कशासाठी आकडा हवा ते सांगावं, पैसे द्यावेत, तज्ज्ञांच्या गटात एक खुर्ची घ्यावी. प्रश्न आणि व्याख्या सांख्यिकीवाल्यांनी ठरवाव्यात, म्हणजे कांड्या भरणारी बाई सुटणार नाही. खात्याला निष्कर्ष मिळावेत, नावं कधीच मिळू नयेत. अहवालाची तारीख काम सुरू होण्याआधी जाहीर व्हावी आणि त्या दिवशी तो सगळ्यांना मिळावा, आवडो न आवडो. आणि घाईमुळं एखाद्या खात्यानं खासगी कंपनीकडं काम दिलंच, तर याच अटी त्या कंत्राटात असाव्यात. यासाठी कुठलं नवं तंत्रज्ञान लागत नाही.

आमचे आठ माग आता नाहीत. लॉकडाऊननंतर आधी चार गेले, मग उरलेले. आण्णांनी शेड भाड्यानं दिली आहे. आई आता कांड्या भरत नाही, तिचे खांदे मात्र दुखतात. 24 लाख 86 हजारांत आमचे आठ धरले होते की नाही मला माहीत नाही, पण गेल्याची वजाबाकी कुठंही झालेली नाही. उद्या मागांच्या आधुनिकीकरणाची एखादी नवी योजना आली तर पैशाचं गणित कदाचित त्याच आकड्यावर मांडलं जाईल.

तुमच्याही दारात कधीतरी टॅबलेट घेऊन एखादा मुलगा किंवा मुलगी येईल. त्यांना उन्हात उभं करू नका, पाणी द्या, आणि उत्तरं खरी द्या. त्याआधी एवढं विचारा: ही पाहणी कुठल्या खात्यासाठी आहे? कुठल्या कायद्याखाली? माझं नाव त्या खात्याला दिसणार का? आणि अहवाल कधी, कुठं वाचायला मिळेल? त्या पोराला बहुतेक यातलं एकच उत्तर येत असेल. बाकीची त्याला कुणी सांगितलेली नसतील. तरी विचारा. दहा दारांत हेच प्रश्न आले की तो त्याच्या सुपरवायझरला विचारेल, सुपरवायझर वर विचारेल, आणि कुणाला तरी ती उत्तरं कंत्राटात लिहावी लागतील.